गांवची आरोग्यसेविका आणि तिची पाठराखण

आरोग्यखात्याचा इतिहास लिहिणाऱ्यांची दृष्टि सामान्यतः दोन ठिकाणीं खिळते : एक रोगांवर, आणि दुसरें रोगांशीं झगडणाऱ्या थोर स्त्रीपुरुषांवर. प्लेगाची साथ, देवीचें उच्चाटन, अमुक डॉक्टरांचा त्याग, अमुक संस्थेची स्थापना, यांच्या हकीकती आपल्या वाङ्मयांत आतां पुष्कळ झाल्या आहेत. परंतु या दोहोंच्या मधोमध एक साधा प्रश्न उभा असतो आणि त्याकडे फारसें कोणाचें लक्ष जात नाहीं. खेड्यांत राहून, घरोघर फिरून जी बाई बाळंतिणीची विचारपूस करते, तापकऱ्यास गोळी देते, आजारी मूल दवाखान्यांत धाडते, तिच्या मागें कोण उभें असतें? तिचें चुकलें तर तें तिला कोण सांगतें, आणि कसें सांगतें? तिचें बरोबर असतांहि गांव तिच्यावर उलटलें, तर तिची बाजू कोण घेतें?

आमच्या मतें, गेल्या पन्नास-पंचावन्न वर्षांत महाराष्ट्रांत ग्रामीण आरोग्याचे जे प्रयोग झाले, त्यांचें यशापयश पुष्कळ अंशीं याच प्रश्नानें ठरविलें आहे. सेविका निवडणें आणि तिला चार गोष्टी शिकविणें हें त्या मानानें सोपें. शिकवून गांवीं परत धाडल्यानंतर तिला एकटी पडूं न देणें हें कठीण. सरकारी भाषेंत या कामास 'पर्यवेक्षण' म्हणतात. शब्द बिनचूक आहे, पण त्यांत वरून खालीं पाहणाऱ्या डोळ्याखेरीज कांहीं नाहीं. आपल्या घरगुती भाषेंत याहून जवळचा शब्द आहे. मुलगी पहिल्यानें सासरीं निघाली कीं तिच्याबरोबर पाठराखीण जाते. ती मुलीचें काम स्वतः करीत नाहीं, तिच्यावर हुकूमहि गाजवीत नाहीं. परंतु या नव्या घरीं मुलगी एकटी नाहीं, हें तिच्या नुसत्या असण्यानें सर्वांस कळतें. आरोग्यसेविकेस नजर आणि पाठराखण या दोन्ही गोष्टी लागतात. त्यांपैकीं एकीवर भागविण्याचा यत्न जेथें जेथें झाला, तेथें काय घडलें हें पाहणें हाच या लेखाचा विषय आहे. आणि त्यासाठीं आम्ही मराठवाड्यांतील पाचोड या गांवीं वाचकांस नेणार आहों.

पाचोड हें पैठण तालुक्यांतील गांव. छत्रपति संभाजीनगराहून बीडकडे जाणाऱ्या हमरस्त्यावर, शहरापासून पन्नास-साठ किलोमीटरांवर तें वसलेलें आहे. पैठण म्हटलें म्हणजे सातवाहनांचें प्रतिष्ठान, एकनाथांचा वाडा आणि अलीकडचें जायकवाडीचें धरण हीं आपल्या डोळ्यांपुढें येतात. परंतु ज्या तालुक्यांत गोदावरी एवढी अडविली, त्याच तालुक्यांतील कित्येक गांवें पावसाकडे डोळे लावून बसणारीं आहेत. हा सारा मुलूख १९४८ च्या सप्टेंबरपर्यंत निजामाच्या राज्यांत होता. शाळा, रस्ते व दवाखाने यांबाबत मराठवाडा मागें राहिला, त्यास हें एक कारण झालें. पुढें १९७२ च्या दुष्काळानें येथील शेतकरी खडी फोडण्यास गेला. दिवाळी सरतांच ऊसतोडीस टोळ्या निघून जाण्याची चालहि मराठवाड्यांत चांगलीच रुजलेली. अशा मुलुखांत मुलीचें लग्न लौकर उरकतें, पहिलें बाळंतपण कोवळ्या वयांत येतें, आणि दवाखाना जवळ असूनहि दूर राहतो. पाचोडची गोष्ट समजण्यास ही पार्श्वभूमि ध्यानांत ठेविली पाहिजे. मात्र त्या गोष्टीकडे वळण्यापूर्वीं आधींचा थोडा इतिहास पाहणें अवश्य आहे.

देखरेखीची कल्पना आपल्याकडे नवी नाहीं. मुंबई इलाख्यांत १८२७ पासून देवी टोचण्याची एक बांधीव पद्धति सुरू झाली. टोचणारे इसम ठरलेल्या गांवांतून फिरत, आणि त्यांच्या मागून त्यांचे वरिष्ठ येऊन मुलांच्या दंडावरील व्रण तपासून पाहत. वहींतील आंकडा व दंडावरील व्रण यांचा मेळ बसला म्हणजे काम झालें असें मानीत. या पद्धतीस नांवें ठेवण्याचें कारण नाहीं. खोट्या नोंदींस आळा घालण्याचा तो चांगला उपाय होता. परंतु अशी तपासणी कामाचा शेवट पाहते, काम करणाराची अडचण पाहत नाहीं. शिवाय, देवीचा व्रण दंडावर जन्मभर राहतो. जुलाबांनीं सुकत चाललेल्या मुलास वेळेवर मीठसाखरेचें पाणी पाजलें, तर त्याचा व्रण कोठें शोधावयाचा? एखाद्या सासूची समजूत घालून सुनेस दवाखान्यांत नेलें, तर तें कोणत्या रकान्यांत बसवावयाचें? पुढें आरोग्यखात्याचीं कामें वाढलीं, नाना प्रकारचीं झालीं. तपासणीची संवय मात्र व्रण मोजण्याचीच राहिली.

सर जोसेफ भोर यांच्या अध्यक्षतेखालीं १९४३ सालीं नेमलेल्या समितीनें १९४६ सालीं आपला अहवाल सादर केला. स्वतंत्र हिंदुस्थानांतील प्राथमिक आरोग्य केंद्रांची कल्पना त्या अहवालांतून आली. गांवपातळीवर लोकांचीच एक आरोग्य समिति असावी, असेंहि त्या अहवालानें सुचविलें होतें. केंद्रें निघालीं, त्यांच्या हाताखालीं उपकेंद्रें निघालीं, उपकेंद्रांत नर्सबाई नेमल्या गेल्या. परंतु परक्या गांवीं एकट्या राहणाऱ्या तरुण नर्सबाईस मुक्कामाची धड जागा नसे, रात्रीअपरात्रीं दार वाजलें तर सोबत नसे, आणि गांवास ती सरकारी माणूस वाटे. खात्यानें तिच्यावर नजर ठेविली. पाठराखणीची तरतूद मात्र कोणीं केली नाहीं.

या अनुभवांतूनच जामखेडची वाट निघाली. १९७० सालीं डॉ. रजनीकांत व डॉ. मेबल आरोळे या दांपत्यानें त्या वेळच्या अहमदनगर, म्हणजे आजच्या अहिल्यानगर जिल्ह्यांतील या दुष्काळी गांवीं काम मांडलें. आरंभीं त्यांनींहि शिकलेल्या नर्सबाईच खेड्यांत ठेवून पाहिल्या, आणि तो बेत साधला नाहीं. तेव्हां त्यांनीं गांवानेंच निवडलेल्या गांवच्याच बाया घेतल्या. त्यांतील पुष्कळशा निरक्षर होत्या, कित्येक दलित होत्या. अक्षरशत्रु बाईच्या हातीं औषधाची पेटी देणें हें त्या काळीं वेडेपण वाटलें असल्यास नवल नाहीं. परंतु जामखेडचें खरें वैशिष्ट्य पेटींत नव्हतें; तें आठवड्याच्या बैठकींत होतें. दर आठवड्यास या बाया जामखेडास येत आणि रात्रीं तेथेंच मुक्काम करीत. निरनिराळ्या जातींच्या बाया एकत्र जेवीत व एकत्र झोपत. ज्या काळीं गांवांत पाणवठे निराळे होते, त्या काळीं हें घडत होतें. आपापल्या गांवांत काय झालें तें त्या सांगत, नवें कांहीं शिकत आणि दुसऱ्या दिवशीं परतत. शिक्षण एकदां उरकून टाकलें असें तेथें झालें नाहीं. तें वर्षानुवर्षें थोडें थोडें चालत राहिलें. शिवाय डॉक्टर, नर्स व समाजसेवक यांचें पथक गांवोगांव जात असे. गांवांत एकटी दिसणारी बाई खरोखर एकटी नव्हती. तिच्या मागें पथक होतें, आणि पथकाइतकाच मोठा आधार म्हणजे तिच्यासारख्याच दुसऱ्या बायांचा मेळा होता.

जागतिक आरोग्य संघटनेनें १९७५ सालीं काढलेल्या एका ग्रंथांत जामखेडची हकीकत आली. चीनमधील 'अनवाणी डॉक्टरां'ची कीर्ति तेव्हां जगभर झालीच होती. पुढें १९७८ च्या सप्टेंबरांत आल्मा-आता येथील परिषदेनें प्राथमिक आरोग्यसेवेचा जो जाहीरनामा काढला, त्यांतहि गांवच्या कार्यकर्त्यास मानाचें स्थान मिळालें. सारें जग जणूं एकाच दिशेनें पाहत होतें.

दिल्लीचें सरकार तर जगाच्याहि पुढें धांवलें. १९७५ सालच्या श्रीवास्तव समितीनें, समाजांतूनच आरोग्याचे कार्यकर्ते उभे करावे, अशी शिफारस केली होती. १९७७ च्या २ ऑक्टोबरास, गांधीजयंतीचा मुहूर्त साधून, नव्या जनता सरकारनें गांवच्या आरोग्यरक्षकांची देशव्यापी योजना सुरू केली. हजार वस्तीमागें एक रक्षक. तीन महिन्यांचें शिक्षण. शिक्षणाच्या काळांत दरमहा दोनशें रुपये. नंतर दरमहा पन्नास रुपये मानधन आणि तितक्याच किंमतीचीं औषधें. एवढ्या मोठ्या देशांत एवढ्या वेगानें अशी योजना क्वचितच सुरू झाली असेल. परंतु तिची परिणति सर्वांस ठाऊक आहे. निवड गांवानें करावयाची ती पुष्कळ ठिकाणीं गांवच्या वजनदार मंडळींनीं केली. कामाचा मोठा भाग आयाबायांशीं बोलण्याचा, आणि निवडलेल्यांत भरणा पुरुषांचा. योजनेचें नांव दोनदां बदललें. मानधन व नोकरीचे हक्क यांवरून तंटे माजले. अखेर २००२ सालीं केंद्राचा पैसा थांबला आणि योजना बहुतेक ठिकाणीं विस्मृतींत गेली.

या अपयशाचीं कारणें देतांना कोणी पुरुषांच्या निवडीकडे बोट दाखवितात, कोणी पन्नास रुपयांकडे, तर कोणी डॉक्टरांच्या मत्सराकडे. तीं सारीं खरीं आहेत. पण त्यांच्या मुळाशीं एक चांगल्या हेतूची गफलत होती असें आम्हांस वाटतें. हा रक्षक सरकारचा नोकर नव्हे, तो लोकांस जबाबदार, असें योजनेचें तत्त्व होतें. तत्त्व उदात्त होतें. परंतु त्यापायीं त्याला शिकवीत राहण्याची, त्याच्या पेटींतील औषध संपलें कीं भरून देण्याची, त्याच्या चिठ्ठीनें आलेल्या रोग्यास दवाखान्यांत मान देण्याची जबाबदारी ठामपणें कोणावरच पडली नाहीं. तो लोकांचा म्हणून आरोग्य केंद्रानें त्याच्याकडे पाठ फिरविली, आणि केंद्राचा म्हणून लोकांनीं त्याच्याकडे अंग काढून पाहिलें. तीन महिन्यांचें शिक्षण पुढें कोणी खतपाणी न घातल्यास किती दिवस टिकणार? जामखेडच्या बाया त्याहून कमी शिकलेल्या होत्या. पण त्यांचा आठवडा चुकत नव्हता.

पाठराखण केवळ औषधपाण्याची नसते, हा दुसरा धडा मांडव्यानें दिला. अलिबागेजवळ मांडवा येथें डॉ. नोशिर अंतिया या मुंबईच्या विख्यात शल्यवैद्यांनीं १९७० नंतरच्या दशकांत गांवच्या बायांना शिकवून असाच प्रयोग केला. बाया उत्तम शिकल्या. आजार ओळखूं लागल्या. बारीकसारीक दुखण्यांस गांवाबाहेर जाण्याचें कारण उरेना. परंतु गरीब बाईच्या हातीं ज्ञान आलें, आणि त्याबरोबर ती प्रश्नहि विचारूं लागली, कीं गांवांतील जुन्या सत्तेस तें खुपतें. तेथील वजनदार मंडळींच्या विरोधामुळें मांडव्याचें काम गुंडाळावें लागलें. स्वतः अंतियांनीं हा इतिहास मोकळेपणानें लिहून ठेविला आहे. सेविकेची पाठ राखणाराची स्वतःची पाठहि भक्कम असावी लागते, हें त्यांतून दिसतें.

आतां पाचोडकडे वळूं. १९७० नंतरच्या दशकाच्या अखेरीपासून डॉ. अशोक दयालचंद व त्यांचे सहकारी यांनीं येथें काम केलें. त्यांतून उभी राहिलेली संस्था 'इन्स्टिट्यूट ऑफ हेल्थ मॅनेजमेंट, पाचोड' या नांवानें ओळखली जाते. नांवांतच 'व्यवस्थापन' हा शब्द आहे, आणि तो सहज आलेला नाहीं. सेवाभाव, त्याग, करुणा यांचा उच्चार अशा संस्थांच्या नांवांत आपणांस नेहमीं आढळतो. व्यवस्था हा शब्द त्या मानानें रुक्ष. परंतु खेड्यांतील मृत्यु पुष्कळदां करुणेच्या अभावीं होत नाहींत, व्यवस्थेच्या अभावीं होतात, ही जाण त्या रुक्ष शब्दांत आहे.

पाचोडच्या पद्धतीचें मर्म सांगण्यापूर्वीं तिच्या भोंवतालची सरकारी रीत आठवली पाहिजे. १९९६ च्या एप्रिलपर्यंत कुटुंबनियोजनाचीं उद्दिष्टें वरून ठरून येत. दिल्लीहून मुंबईस, मुंबईहून जिल्ह्यास, जिल्ह्याहून तालुक्यास, आणि अखेर उपकेंद्रांतील नर्सबाईस अमुक इतक्या 'केसेस' करण्याचा आंकडा मिळे. मार्च जवळ आला कीं तिची झोप उडे. त्या दिवसांत देखरेख याचा अर्थ एकच होता : आंकडा भरला कीं नाहीं? आंकडा वरून खालीं वाहत होता आणि जबाब खालून वर. ज्या बाईसाठीं हें सारें चाललें तिला काय हवें, हें विचारण्यास या वाहतुकींत जागाच नव्हती.

पाचोडनें हा प्रवाह उलटा वाहवून दाखविला. विशेषतः या शतकाच्या पहिल्या दशकांत, कोवळ्या वयांत लग्न झालेल्या मुलींसाठीं जें काम तेथें झालें, त्यांत ही रीत स्पष्ट दिसते. गांवची सेविका दर महिन्यास घरोघर जाते. नवी सून आली काय, कोणास दिवस गेले आहेत, कोणास पाळणा लांबवावयाचा आहे, कोणास सांगतां न येणारें दुखणें आहे, याची ती विचारपूस करते व लिहून घेते. त्या नोंदींवरून त्या गांवापुरता त्या महिन्याचा कामाचा आराखडा ठरतो : नर्सबाईनें कोणास तपासावें, सेविकेनें कोणाच्या घरीं पुनः जाऊन समजूत घालावी, कोणास पुढें दवाखान्यांत धाडावें. पुढील महिन्याच्या फेरींत मागील यादींतील कोणत्या गरजा भागल्या व कोणत्या राहिल्या, हें पुनः पाहिलें जातें. आणि गांवच्या आरोग्य समितीपुढेंहि या कामाचा हिशेब येतो.

वाचतांना हें इतकें साधें वाटतें कीं, यांत नवें तें काय, असा प्रश्न पडावा. नवें हें कीं येथें वहीचा मालक बदलला. एरवीं सेविकेची वही वरिष्ठानें तिला पकडण्यासाठीं असते. पाचोडच्या पद्धतींत तीच वही वरिष्ठाकडे मागणी घेऊन जाते. 'अमक्या घरच्या गरोदर मुलीस नर्सबाईनें पाहिलेलें नाहीं', ही नोंद सेविकेच्या कामावर ठपका ठेवीत नाहीं. ती नर्सबाईस कामास लावते, आणि नर्सबाई गेली नाहीं तर पुढील महिन्यांत तीच ओळ पुनः दिसते. या एका युक्तीनें देखरेखीचा अर्थ बदलतो. खालचा वरच्यास उत्तरदायी असतोच. येथें वरचाहि खालच्यास उत्तर देऊं लागतो. ज्या बाईस गांवांत पाटलापुढें बसतां येत नव्हतें, तिच्या अक्षरांतली ओळ आरोग्यव्यवस्थेस हलवूं शकते, हा अनुभव कोणत्याहि प्रशस्तिपत्रकापेक्षां तिला अधिक बळ देतो.

याच संस्थेची आणखी एक कल्पना येथें नोंदण्याजोगी आहे. खेड्यांतील माणसास 'तुमचें समाधान किती, विश्वास किती' असें विचारून पाहणारांनीं परदेशीं तयार झालेलीं मोजमापें वापरावीं, आणि समोरचा बिचारा गोंधळून 'बरें आहे' म्हणावा, असा प्रकार नेहमींचा. पाचोडच्या मंडळींनीं रुपया पुढें केला. रुपयाचे शंभर पैसे. त्यांपैकीं किती पैसे तुमचा भरवंसा, तें सांगा. बाजारहाट करणारी कोणतीहि बाई या प्रश्नाचें उत्तर क्षणांत देते. 'पाचोड पैसा स्केल' या नांवानें ही रीत शास्त्रीय लेखांत नोंदली गेली आहे. आम्हांस या गोष्टीचें महत्त्व वाटतें तें अशासाठीं कीं, जो लोकांच्या भाषेंत प्रश्न विचारूं शकतो तोच सेविकेचें म्हणणें ऐकूं शकतो. देखरेखीचीं बहुतेक कोष्टकें सेविकेस न समजणाऱ्या भाषेंत असतात; मग तीं भरलीं जातात, वाचलीं जात नाहींत.

सेविकेच्या जातीच्याच दुसऱ्या एका कामाचाहि येथें उल्लेख केला पाहिजे. गेल्या शतकाच्या अखेरीच्या सुमारास पाचोडच्या परिसरांत अविवाहित किशोरींसाठीं संध्याकाळचे वर्ग चालले. आठवड्यांतून पांच दिवस, रोज तासभर, सुमारें वर्षभर. शिकविणाऱ्या गांवच्याच, बेताचें शिक्षण झालेल्या बाया. त्यांना शिकविणें व त्यांच्यामागें उभें राहणें हें काम संस्थेचें. ज्या गांवांत हे वर्ग चालले तेथें अठरा वर्षांच्या आंत होणाऱ्या विवाहांचें प्रमाण शेंकडा सुमारें ८१ वरून ६२ पर्यंत उतरलें. जेथें वर्ग नव्हते तेथें तसा फरक दिसला नाहीं. एकसष्ट-बासष्ट हा आंकडाहि कांहीं अभिमानाचा नव्हे. परंतु कायद्याचा बडगा जेथें अनेक वर्षें निष्फळ झाला होता, तेथें सातवी-आठवी शिकलेल्या एका बाईनें वर्षभर नेमानें घेतलेल्या तासानें हें घडलें, आणि तो नेम पाठराखणीवांचून टिकला नसता.

देखरेखीच्या मोलाचा चोख पुरावा मात्र महाराष्ट्राच्या दुसऱ्या टोंकाहून, गडचिरोलीहून आला. डॉ. अभय व डॉ. राणी बंग यांनीं १९८६ सालीं तेथें 'सर्च' ही संस्था काढली. ३९ गांवांत त्यांनीं पांचवी ते दहावी शिकलेल्या बायांना नवजात अर्भकांची घरच्या घरीं काळजी घेण्यास शिकविलें. तुलनेसाठीं आणखी ४७ गांवें नजरेखालीं ठेविलीं. या आरोग्यदूतांनीं बाळाचें वजन करावें, श्वास मोजावा, ऊब द्यावी, आणि जंतुदोषाचीं लक्षणें दिसल्यास इंजेक्शनहि द्यावें, अशी योजना होती. डॉक्टरांच्या जगांत या शेवटच्या गोष्टीनें मोठी खळबळ उडाली. परंतु १९९९ च्या अखेरीस 'लॅन्सेट' या इंग्लंडांतील वैद्यकीय पत्रांत जे निष्कर्ष आले त्यांनीं शंका मावळल्या : तुलनेच्या गांवांपेक्षां या गांवांत नवजात मृत्यूंचें प्रमाण तिसऱ्या वर्षीं शेंकडा ६२ नीं घटलें, आणि जंतुदोष झालेल्या बाळांपैकीं शेंकडा १६.६ दगावत असत, तीं केवळ २.८ दगावूं लागलीं. या यशाचें श्रेय इंजेक्शनास देऊन लोक मोकळे होतात. पण त्या योजनेंत दर पंधरवड्यास गांवीं येऊन नोंदी पडताळणारा, चुका दुरुस्त करणारा आणि पुनः शिकविणारा डॉक्टर होता, हें विसरून चालणार नाहीं. त्या भेटीखेरीज सुई खरोखरच धोक्याची ठरली असती. आरोग्यदूतावर एवढा विश्वास टाकतां आला, कारण तो विश्वास दर पंधरा दिवसांनीं पारखून घेतला जात होता. पारख आणि विश्वास हे एकमेकांचे वैरी आहेत, ही आपली समजूत येथें खोटी ठरते.

२००५ सालीं राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियान सुरू झालें आणि त्याबरोबर 'आशा' या नांवाची बाई देशभर गांवोगांव उभी राहिली. १९७७ च्या चुका कांहीं अंशीं सुधारल्या. निवड स्त्रीचीच, ती गांवचीच सून किंवा लेक. गडचिरोलीच्या अनुभवावरून २०११ सालापासून नवजात बाळाच्या घरीं तिनें सहा वेळां, आणि बाळंतपण घरींच झालें असल्यास सात वेळां, जावें असें ठरलें. पाचोडच्या परिसरांतील मासिक फेरीचें कामहि पुढें आशांच्या हातीं आलें. आणि आशांच्या मागें कोणीतरी हवें हें ओळखून, साधारणतः वीस आशांमागें एक, अशी आधार देणारी कार्यकर्ती योजिली गेली. महाराष्ट्रांत तिला गटप्रवर्तक म्हणतात.

येथें आपल्या इतिहासाचा आजचा प्रश्न उभा राहतो. गटप्रवर्तक ही पाठराखीण व्हावी अशी कल्पना. परंतु तिचीच पाठ रिकामी आहे. ती कायम नोकर नाहीं; तिच्या मोबदल्याचा हिशेब गांवभेटींच्या दिवसांवर चालत आला. आशेचा मोबदलाहि मुख्यतः कामागणिक ठरत आला : अमुक नोंदीस अमुक रुपये. ज्या कामास रकाना आहे त्यास पैसा आहे. सासूची समजूत घालण्यास रकाना नाहीं. म्हणजे व्रण मोजण्याची जुनी रीत नव्या रूपानें परत आली. आतां व्रणास दरहि लागला. कोरोनाच्या साथींत याच बायांनीं घरोघर जाऊन तपासणी केली. १९७७ च्या रक्षकाचा तंटा मानधनाचा होता. २०२३ च्या अखेरीस व २०२४ च्या आरंभीं महाराष्ट्रांतील आशा व गटप्रवर्तक यांनाहि संपावर जावें लागलें. मधल्या काळांत, २०२२ च्या मे महिन्यांत, जागतिक आरोग्य संघटनेनें भारतांतील आशांचा गौरव केला होता. गौरव जिनीव्हास झाला आणि धरणें मुंबईस धरावें लागलें, हा विरोधाभास खेदाचा आहे.

यावर एक आक्षेप येईल, आणि तो विचारांत घेण्याजोगा आहे. जामखेड, गडचिरोली, पाचोड हीं लहान क्षेत्रें. तेथें असामान्य माणसें आयुष्य वाहून बसलीं. त्यांची ऊब सरकारी कारखान्यांत कोठून आणावी? आक्षेप अगदीं निराधार नाहीं. असामान्य माणसांची नक्कल करतां येत नाहीं. पण या तीन ठिकाणचें साम्य माणसांच्या थोरवींत शोधूं नये. तें नेमांत शोधावें. जामखेडास आठवडा ठरलेला होता, गडचिरोलीस पंधरवडा, पाचोडास महिना. ठरल्या दिवशीं कोणीतरी येई, वही उघडी, ती खरोखर वाची, आणि वहींत मागितलेलें पुढच्या भेटीपूर्वीं पुरवी अथवा कां पुरवितां आलें नाहीं हें सांगे. यांत असामान्य असें काय आहे? आगगाडीचें वेळापत्रक संभाळणाऱ्या, लाखोंच्या मेळ्याची व्यवस्था लावणाऱ्या सरकारास हें असाध्य म्हणतां येणार नाहीं. मात्र त्यास पैसा लागतो, आणि हा पैसा बाहेरून दिसत नाहीं. इमारतीस कोनशिला बसवितां येते. मंगळवारीं ठरल्याप्रमाणें गांवीं आलेल्या गटप्रवर्तकाच्या नांवें कोणी कोनशिला बसवीत नाहीं. अंदाजपत्रकांत कात्री लागली कीं ती प्रथम येथेंच लागते.

दुसरीहि एक भीति आहे. पाठराखण नको, नजर तेवढी हवी, अशी ओढ आतां यंत्रांनीं वाढविली आहे. सेविकेच्या हातीं भ्रमणध्वनि आला. तिची नोंद क्षणांत वर जाते. ही सोय खरी, आणि पाचोडच्या पद्धतीस तर ती फारच उपयोगी पडावी. कारण यादी जितकी लौकर नर्सबाईपर्यंत जाईल तितकें बरें. परंतु नोंद वर गेली आणि वरून कांहींच उतरलें नाहीं, तर यंत्रानें केलें काय? पूर्वीं कोरा जबाब महिन्यानें मिळे, आतां तो क्षणांत मिळतो, एवढेंच.

म्हणून या इतिहासाचा निष्कर्ष सेविकांच्या संख्येनें मांडूं नये. गांवोगांव आशा आहे, ही मोठीच गोष्ट झाली. १९७० सालीं तें स्वप्न होतें. यापुढील हिशेब असा मांडावा लागेल : तिच्या यादींतील किती ओळींस उत्तर मिळालें? या कामीं गांवानेंहि हात झटकून चालणार नाहीं. भोर समितीनें सुचविलेली गांवची आरोग्य समिति आज ग्राम आरोग्य, पोषण, पाणीपुरवठा व स्वच्छता समिति या लांबलचक नांवानें कागदोपत्रीं अस्तित्वांत आहे. ग्रामसभेंत रस्त्याचा व नळाचा प्रश्न विचारणाऱ्या गृहस्थांनीं आणखी एक प्रश्न विचारण्यास हरकत नाहीं : गेल्या महिन्यांत आपल्या आशाताईच्या वहींत काय मागितलें होतें, गटप्रवर्तक केव्हां आली होती, आणि पेटींत गोळ्या आहेत काय? पैठण तालुक्यांतील एखाद्या वस्तीवर आज रात्रीं एखाद्या अठरा वर्षांच्या मुलीस कळा सुरू होतील, आणि तिची सासू प्रथम आशेचें दार वाजवील. त्या वेळीं आशेनें बोलाविलेली गाडी येते कीं नाहीं, दवाखान्यांत तिच्या चिठ्ठीस मान मिळतो कीं नाहीं, यावर दोन जीव अवलंबून असतील.